अण्णांसाठी नाव निवडताना

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुपारी तीन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, माझे वडील पुसद तालुक्यात पैनगंगेच्या धरणातल्या एका बेटावर उतरले. ते चाकांच्या खुर्चीत होते. चाके त्यांनी स्वतःच्या हातांनी फिरवली. कोणी त्यांना उचलले नाही.

यातले शेवटचे वाक्य खरे ठरायला दोन नावा, एक मिस्त्री आणि दहा अनोळखी माणसे लागली. सुटीत खाजगी नाव भाड्याने घेण्याचा विचार असणाऱ्यांना यातले काही उपयोगी पडेल, म्हणून घडले त्या क्रमाने लिहितो.

वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी ते या धरणाच्या मोजणी पथकात होते. तेव्हा एका टेकडीच्या उतारावर त्यांनी पाण्याची उंची मोजण्यासाठी खुणेचा दगड रोवला होता. धरण भरले, टेकडीचे बेट झाले, अण्णांची बदली झाली. त्यानंतर त्यांनी तो दगड पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले आणि खुर्ची आली. वणीच्या आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. त्या उतरायला दोन माणसांना खुर्ची उचलावी लागते. अण्णांना ते सहन होत नाही. दोन वर्षांत ते मोजून अकरा वेळा घराबाहेर पडले, अकराही वेळा दवाखान्यासाठी.

जानेवारीत ते म्हणाले, "मला तो दगड पाहायचा आहे. फेब्रुवारीत जाऊ. पण घरच्या तीन पायऱ्या शेवटच्या. पुढे कुठे उचलावं लागलं, की तिथूनच परत फिरायचं."

फेब्रुवारीच का, हे मी विचारले नाही.

नाव ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. मी तीन प्रकारांची चौकशी केली. पहिला प्रकार ड्रमांवर तरंगणाऱ्या सपाट नावेचा. ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या तलावावर होती आणि तिथून हलणार नव्हती. दुसरा, मासेमारीचा डोंगा (अरुंद, लांबट नाव). त्यात खुर्ची मावत नाही आणि तोल जातो, म्हणून तो खोडला. तिसरी मोटरबोट. पांढरी, निळ्या छताची, आठ जणांची. पुसदच्या एका एजंटाने तिचा फोटो पाठवला. मी त्याला सहा प्रश्न विचारले: माणसे किती बसतात, जाकिटे आहेत का, इंजिन कोणते, छत आहे का, पाठ टेकता येते का, फेरी किती वेळाची. सहाही उत्तरे चांगली होती. बुकिंग केले. गुरुवारी फोन करून पुन्हा खात्री केली.

शुक्रवारी सकाळी साडेसातला निघालो. मी, अण्णा आणि माझी थोरली बहीण मालती, जिला मी ताई म्हणतो. ताई निवृत्त शिक्षिका आहे. शेजारच्या दोघांनी खुर्ची पायऱ्यांवरून उतरवली. तेवढा वेळ अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. गाडीत मात्र ते स्वतःच बसले. त्यासाठी सागाची दोन फुटी गुळगुळीत फळी आहे. ती खुर्ची आणि गाडीच्या सीटच्या मध्ये ठेवली, की ते हातांच्या जोरावर सरकतात.

वणीबाहेर कोळशाच्या ट्रकांची रांग होती. करंजीला चहा झाला. यवतमाळ ओलांडल्यावर पळस दिसू लागले, फुललेले, पाने जवळजवळ नाहीत. आर्णीच्या पुढे एका टपरीवर आलुबोंडा आणि रस्सा घेतला. रस्सा इतका तिखट होता की ताई दोन मिनिटे बोलली नाही. अण्णांनी घड्याळात पाहून ही गोष्ट नोंदवली. महागावच्या बाजारापाशी कापसाच्या गाड्यांमुळे पाऊण तास गेला. तिथेच खुर्ची खाली काढून परत ठेवताना पुढच्या लहान चाकाला मार बसला. दुपारी पुसदला पोचलो, तेव्हा ते चाक फिरताना कुरकुरत होते.

लॉजवाल्याने शकूरभाईंचे दुकान दाखवले. इंजिन, पंप, सायकल, सगळ्याची दुरुस्ती तिथे होते. शकूरभाई साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी चाक काढले, आतली बेअरिंगची गोळी बदलली, ग्रीस भरले.

"कोनत्या कामाले आले बाबूजी पुसदले?" त्यांनी अण्णांना विचारले.

"नावेत बसायला."

"कोनत्या नावेत?"

मी फोटो दाखवला. शकूरभाईंनी चष्मा खाली घेतला.

"हे? हे तर दिवाळीची बोट हाये भाऊ. धरण भरून असते तवा चालते. आता कालव्याले पाणी सोडून राह्यले. काठ कुठच्या कुठं गेला."

मी सांगितले की बुकिंग दोनदा पक्के केले आहे.

"बोटीचं केलं असन," शकूरभाई म्हणाले. "पाण्याचं केलं का?"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "विजू, काठ कुठे आहे?"

मला माहीत नव्हते. सहा प्रश्नांत तो नव्हता. मी एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, सगळे बरोबर आहे, सकाळी नऊला या. निघताना शकूरभाईंनी एका कागदावर त्यांचा नंबर लिहून दिला.

शनिवारी नऊला आम्ही धक्क्यावर होतो. धक्का सिमेंटचा, चांगला, उताराचा होता. तो जिथे संपत होता तिथून पाणी दोनशे पावले लांब होते. मधे ओला गाळ. गाळाच्या पलीकडे, गुडघाभर पाण्यात, निळ्या छताची बोट उभी होती. फोटोत होती तशीच. तिची कड माणसाच्या कमरेइतकी उंच होती.

बोटीवरचे चौघे उत्साहात पुढे आले.

"काई टेन्शन नाई, भाऊ. बाबूजींले आमी उचलून घेतो. चौघं हावोत. फुलासारखं नेतो."

"फूल नाही मी," अण्णा म्हणाले. मग मला: "गाडी वळव."

त्यांनी खुर्ची फिरवलीसुद्धा. मी म्हणालो की चूक माझी आहे, आपण दिवाळीत यायला हवे होते, तेव्हा पाणी धक्क्याला असते.

"दिवाळीत दगड पाण्याखाली असतो," अण्णा म्हणाले. "मी फेब्रुवारी उगाच सांगितला का? पाणी उतरलं की तो उघडा पडतो. पंधरा-वीस दिवस. मग कडेचा गाळ वाळून फुटतो, नाव लागत नाही."

म्हणजे जे पाणी उतरल्यामुळे बोट निकामी झाली होती, त्याच्यामुळेच दगड दिसणार होता. या वर्षी दुसरी संधी नव्हती.

ताई माझ्याकडे वळली. "तीस वर्षं बातम्या गोळा केल्यास," ती म्हणाली. "लोकांना विचारायचास, कोण, कुठे, केव्हा. बापाच्या वेळी नेमकं 'कुठे' राहिलं."

मी शकूरभाईंचा कागद काढला.

ते चाळीस मिनिटांत मोटरसायकलवर आले. 'सांगितलं होतं' असे त्यांनी म्हटले नाही. फक्त "मांगं या" म्हणाले. बैलगाडीच्या वाटेने, काठाकाठाने आम्ही तीन वळणे पुढे गेलो. तिथे गाळपेर होती. धरणाचे पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. डांगराचे (खरबुजाचे) वेल लांबवर पसरले होते. मधोमध एक झोपडी. तिथे देविदास आणि त्याची बायको गोदाबाई राहतात. देविदास मासे धरतो. त्याच्या नावेचे इंजिन शकूरभाईंनी बसवले आहे.

ही नाव म्हणजे मी वणीत बसून खोडलेला डोंगाच होता, फक्त एक नव्हे, दोन. पत्र्याचे दोन लांब डोंगे हातभर अंतर सोडून शेजारी बांधलेले, वर आडव्या फळ्या ठोकून केलेला सपाट ओटा, मागे डिझेलचे इंजिन. गावात तिला जोडी म्हणतात. पलीकडच्या शेतातली पोती, शेळ्या, मोटरसायकली तिच्यावरून येतात. छत नव्हते. बसायला जागाही नव्हती, नुसता ओटा. माझ्या सहा प्रश्नांपैकी तीन उत्तरे चुकली असती. जाकिटे होती, शकूरभाईंनी पुसदहून आणलेली.

"ह्याच्यावर चार फटफट्या जाते," देविदास म्हणाला. "बाबूजींची खुर्ची काय जड हाये?"

काठापासून नावेपर्यंत गाळावर पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) भारे दाबून बसवलेले होते आणि वर माती टाकली होती. मोटरसायकलचे चाक रुतू नये म्हणून दर वर्षी पाणी उतरले की हा रस्ता करतात. अण्णा त्यावरून स्वतः गेले. खुर्ची खडखडली, रुतली नाही. शेवटी ओट्यावर चढायची फळी होती. तिथे अण्णा थांबले. शर्टाच्या खिशातून सहा इंची पट्टी काढली. देविदासने काठी धरली, अण्णांनी खुर्चीतून वाकून मोजले.

"ओटा जमिनीपासून अकरा इंच. फळी आठ फूट. एका फुटाला एक इंच चढ माझे हात घेतात. तीन इंच जास्त आहे."

"मी मांगून ढकलतो न," शकूरभाई म्हणाले.

"ढकललं म्हणजे उचललंच."

"मंग लांब फळी पायजे," देविदास म्हणाला. "थे तं नाई आमच्याजोळ."

साडेअकरा वाजले होते. दुपारी चारनंतर वारा वाढतो आणि पाच वाजता नाव काठाला हवी, असे देविदासने आधीच सांगितले होते.

गोदाबाईंनी जेवायला बसवले. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि सकाळच्या माशांचा रस्सा. अण्णा दोन भाकरी जेवले. घरी ते एक खातात. जेवता जेवता त्यांचे लक्ष नावेवर होते.

"देविदास, पोती भरली की नाव किती खाली बसते?"

"पंधरा पोते टाकले का चार बोटं बसते."

"चार बोटं म्हणजे तीन इंच," अण्णा म्हणाले. "पोती कुठे आहेत?"

"पोते तं परवाच गेले न महागावले."

अण्णांनी गाळपेरीकडे पाहिले. वेलांमधे माणसे वाकून काम करत होती. "आणि ती माणसं?"

देविदासला कळायच्या आधी गोदाबाईंना कळले. त्या बाहेर गेल्या आणि कपाळावर हात धरून ओरडल्या, "वो सुभद्रे! सगळ्याइले घेऊन ये वं! नाव दाबाची हाये!"

"काय दाबाची?" पलीकडून आवाज आला.

"नाव! नाव!"

"काहून? उडून राह्यली का?"

हातातले काम आणि जेवण आटोपून तीनच्या सुमारास दहा जण आले. सहा बाया, चार पुरुष. एकाने चप्पल काढून हातात घेतली. देविदासने त्यांना ओट्याच्या दोन्ही कडांना सारखे वाटून उभे केले.

"नुसतं उभं राहाचं, बाप्पा. नाचाचं नाई."

"तू इंजिन सांभाळ, आमचं काय पाहून राह्यला," सुभद्राबाई म्हणाल्या. "लगनात नाचाले बलावलं नाई, आता कोन नाचते?"

ओटा खाली गेला. अण्णांनी पुन्हा मोजले. सव्वाआठ इंच. ताई आणि मी चढलो. आठ.

तीन वाजून दहा मिनिटांनी अण्णांनी चाकांवर हात ठेवले. पहिले तीन फूट एका दमात गेले. मग ते थांबले, दोन्ही चाके घट्ट धरून. त्यांच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. शकूरभाईंचा हात आपोआप पुढे आला. ताईने तो धरून मागे घेतला. दुसऱ्या दमात दोन फूट. तिसऱ्यात पुढची लहान चाके ओट्यावर आली, आणि मग मोठी.

टाळ्या सुभद्राबाईंनी सुरू केल्या. नाव हलली तेव्हा देविदास ओरडला आणि टाळ्या थांबल्या. मग दहाही जण एकेक करून सावकाश उतरले.

खुर्ची दोन ठिकाणी दोराने ओट्याला बांधली. अण्णांना खुर्चीला बांधू दिले नाही, शकूरभाईंनीच. "खुर्ची नावेले बांधाची. मानूस खुर्चीले नाई. नाव उलटली त मानूस मोकळा पायजे." गरज पडली नाही. जोडी डोंग्यासारखी डोलत नाही. पाणी दोन्ही डोंग्यांच्या मधून जाते आणि ओटा सपाट राहतो. अण्णांच्या मांडीवर स्टीलचा पेला होता, त्यातला चहा सांडला नाही.

पाण्यातून वाळक्या झाडांचे बुंधे वर आले होते. देविदास त्यांच्यामधून नाव काढत होता. प्रत्येक बुंध्यावर एक पाणकावळा बसला होता. दहा मिनिटांनी अण्णांनी बोट केले.

"तो देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत ठेव. तसाच पुढे घे."

देविदासने मागे वळून पाहिले नाही. "बाबूजी, तुमी सांगून राह्यले तिकडं आमचा खुटा हाये."

"कसला खुटा?"

"दगड हाये. काळा, चौकोनी. वर बाण काढेल हाये. पाणी उतरलं का उघडा पडते. आमी त्यालेच नाव बांधतो. आमचे बाबाही तिथंच बांधत."

अण्णांनी पेल्यातला चहा संपवला.

"तो बाण मी काढला आहे," ते म्हणाले.

आता देविदासने वळून पाहिले. "तुमी? बाबा तं सांगत का सरकारनं बसवला."

"तेव्हा तिथे सरकार म्हणजे मी आणि दोन मजूर. छिन्नी माझ्या हातात होती. बाण जरा डावीकडे झुकला आहे की नाही?"

"झुकेल हाये न!"

"मजुराने धरलेला कंदील हलला होता," अण्णा म्हणाले. "साहेबांनी पुन्हा काढायला लावला नाही, म्हणून राहिला."

बेटाचा काठ चढता होता. नाव टेकली तेव्हा समोरची जमीन ओट्याच्या जवळजवळ उंचीला आली, आणि फळी सरळ बसली. हेही अण्णांनी आधी सांगितले होते. "तिकडे माणसं लागणार नाहीत. त्या बाजूचा उतार मी मोजला आहे." देविदास उडी मारून उतरला आणि नावेचा दोर दगडाला गुंडाळला. तीन पंचेचाळीसला अण्णांची चाके बेटावर लागली.

दगड फळीपासून सात पावलांवर, पाण्याच्या कडेलाच होता. गुडघाभर वर आलेला, कडा दोराने झिजून गोल झालेल्या. बाण स्पष्ट होता, डावीकडे झुकलेला. अण्णा खुर्ची दगडाला लावून थांबले. आधी पट्टीने पाणी दगडाच्या टोकापासून किती खाली आहे ते मोजले, आकडा मोठ्याने म्हटला आणि मला लिहायला सांगितला. मग पट्टी खिशात ठेवून दगडावर हात ठेवला. तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

"चाळीस वर्षं माझ्या दगडाला नाव बांधताय," ते देविदासला म्हणाले. "विचारलं होतं का मला?"

"तुमी भेटलेच नाई न कधी," देविदास म्हणाला.

ताईने पदराआडून डांगर काढले. गोदाबाईंनी निघताना दिले होते. ते दगडावर ठेवून कापले आणि सगळ्यांनी खाल्ले. अर्धा तास गेला. वारा उठू लागला तेव्हा देविदास दोर सोडायला वाकला. अण्णांनी त्याला थांबवले आणि गाठ स्वतः सोडली.

परत येताना मला एकच चिंता होती. हलक्या नावेवरून त्या सपाट काठावर उतरताना फळी पुन्हा अकरा इंचांची असणार होती, आणि या वेळी उताराची. काठ दिसू लागला. पऱ्हाट्यांच्या रस्त्याच्या टोकाला माणसे उभी होती. काम संपवून घरी जायची त्यांची वेळ झाली होती. नाव टेकली, फळी पडली, आणि ते दहाही जण रांगेने वर आले. सुभद्राबाई पुढे होत्या. त्यांना कोणी निरोप पाठवला नव्हता.

"सरका," त्या मला म्हणाल्या. "तुमी मधात उभे राह्यले त तोल जाते."

ओटा चार बोटे खाली बसला. अण्णा चार पन्नासला काठावर होते.

रविवारी आलो त्याच रस्त्याने परतलो. महागावला या वेळी गाड्या नव्हत्या. संध्याकाळी सहाला वणीत घरासमोर गाडी थांबली. शेजारचे दोघे आले आणि त्यांनी खुर्ची तीन पायऱ्यांवरून वर घेतली. या वेळी अण्णांनी डोळे मिटले नाहीत. ते पायऱ्यांकडे पाहत होते.

वर पोचल्यावर त्यांनी पट्टी काढली. "प्रत्येक पायरी सहा इंच. तीन पायऱ्या अठरा. विजू, अंगण किती फूट आहे, मोज."

मी मोजले. दारापासून फाटकापर्यंत बावीस फूट.

"अठरा लागतात," अण्णा म्हणाले.

सोमवारी सुतार आला. फळ्या सागाच्या, दोन्ही बाजूंना तीन बोटे उंच कड. चढ एका फुटाला एक इंच. त्याने थोडा तिरका, लहान उतार सुचवला, लाकूड कमी लागेल म्हणून. अण्णांनी नाही म्हटले. काम दोन दिवस चालले.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी अण्णा एकटे उतारावरून खाली आले, फाटक उघडले आणि रस्त्याला लागले.